पाठीवरचा भार : सभासदांनी विचार करावा असा एक विषय



आपल्या या पत्रिकेत आपण लागणीची निगा, खोडव्याची खते, पाचट कुट्टी, पहिली उचल आणि अंतिम दर यांविषयी वाचतो. त्यावर पारावर बसून वादही घालतो. ते योग्यच आहे, कारण आपला संसार त्यावर चालतो. पण बेणे उचलण्यापासून ते साखरेचे पोते थप्पीला लागेपर्यंत हा सगळा माल माणसाच्या पाठीवरून जातो, आणि त्या पाठीबद्दल मात्र आपण कधी बोलत नाही. कंबर धरली की तेल चोळायचे, दोन गोळ्या घ्यायच्या आणि पुन्हा कामाला लागायचे, एवढीच आपली रीत. या रीतीत काय चुकते आणि काय बदलता येईल, याविषयी एक सभासद म्हणून चार शब्द लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. पण घरात घडलेल्या एका प्रसंगामुळे याची चौकशी करावी लागली आणि बऱ्याच समजुती खोट्या ठरल्या.

राहनाळचा भाचा

माझा एक भाचा भिवंडीजवळ राहनाळला हमालीला आहे. ठाण्याहून बाळकूम, कशेळी, काल्हेर, पूर्णा करत अंजूरफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव लागते. तिथे एके काळी भातशेती होती. आता या सगळ्या पट्ट्यात गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. मुंबईला लागणारा नाना तऱ्हेचा माल इथे उतरतो आणि पुन्हा चढतो. आपल्या भागातल्या अनेक घरांतली पोरे या पट्ट्यात काम करतात, कारण दीड-दोन एकर उसात तीन भावांचे भागत नाही. म्हणून राहनाळची गोष्ट ही आपल्यापासून लांबची गोष्ट नाही.

गेल्या वर्षी भाच्याने गाडीतून पोते पाठीवर घेताना अंग जरा वळवले आणि कमरेत उसण भरली. तो गावी आला तेव्हा एका अंगाला वाकून चालत होता. मला म्हणाला, "मामा, आतनं काहीतरी सटकलं बघा. आता माझ्याच्यानं वझं उचलत न्हाई."

मग आपल्याकडे जे होते ते सगळे झाले. बहिणीने पायाळू माणूस शोधून आणला आणि त्याच्याकडून कमरेत लाथ मारून घेतली. कोणी बिब्बा घालायला सांगितला. कोणी पट्टा आणून दिला. तीन आठवडे त्याला फळीवर निजवून ठेवले. मग शहरात नेऊन मोठा फोटो काढला. त्यात चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी थोडी बाहेर आल्याचे लिहून आले, आणि "मणक्यात गॅप आहे, ऑपरेशन करून घ्या, नाहीतर पाय जाईल" असे एके ठिकाणी सांगण्यात आले. पोराने त्या रात्री जेवण केले नाही. बहीण गळ्यातले मोडायला निघाली.

शेवटी एका सरकारी दवाखान्यात दाखवले. तिथल्या डॉक्टरांनी फोटो बाजूला ठेवला आणि आधी पोराला तपासले. उताणे निजवून एकेक पाय सरळ वर उचलून पाहिला, गुडघ्यावर हातोडी मारली, टाचेवर आणि चवड्यावर चालायला लावले, लघवी-संडासची चौकशी केली. आणि म्हणाले, "पायात ताकद आहे, नस शाबूत आहे. ऑपरेशनचं नाव काढू नका. उद्यापासून चालायला लागा." पट्टा काढायला लावला. दीड महिन्यात पोरगा सरळ झाला. तोपर्यंत दोन महिन्यांची मजुरी बुडाली होती आणि हातउसने पैसे अंगावर चढले होते. दुखणे कमी होते, पण दुखण्याच्या भीतीचा खर्च फार झाला.

पाठीत असते तरी काय

आपल्या कण्यात मानेचे ७, छातीमागचे १२ आणि कमरेचे ५ असे सुटे मणके असतात. त्याखाली माकडहाडापर्यंतचे एकमेकांना जुळलेले. सुट्या मणक्यांच्या मध्ये गादी असते. बाहेरून टायरसारखी चिवट थरांची कडी आणि आत मऊ, पाणी धरणारा गर. ही गादी रात्री निजल्यावर पाणी पिऊन फुगते आणि दिवसभराच्या वजनाने दबते. म्हणून माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच भरतो, आणि म्हणूनच पहाटे उठल्याबरोबर कंबर आखडलेली वाटते. मणक्यांना दोन्ही बाजूंनी स्नायूंचे दोर धरून ठेवतात. तंबूचा खांब एकटा उभा राहत नाही, दोर ताणलेले असले तर राहतो, तसेच हे.

आता 'गॅप'चे पाहू. दोन मणक्यांच्या मध्ये जागा ही असायलाच हवी, तिथेच तर गादी बसते. वय वाढेल तशी ती जागा वाढत नाही, उलट थोडी कमी होते. गादीही थोडी सुकते आणि कडेने थोडी फुगते. २०१५ साली जगभरातल्या अशा तपासण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या, आणि त्याही कोणाच्या? ज्यांची पाठ मुळीच दुखत नव्हती अशा माणसांच्या. त्यात विशीतल्या १०० पैकी ३० जणांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या, आणि ऐंशीतल्या १०० पैकी ८४ जणांच्या. म्हणजे केस पिकतात तशा गाद्याही पिकतात. फोटोत गादी फुगलेली दिसली म्हणजे दुखण्याचे मूळ सापडले, असे होत नाही. भाच्याच्या फोटोत जे दिसले ते त्याला उसण भरण्याच्या आधीही असू शकत होते.

बहुतेकांच्या, म्हणजे दहांतल्या नऊ जणांच्या कंबरदुखीत एक ठराविक जखम दाखवता येत नाही. स्नायू, सांधे, गादी यांपैकी काहीतरी दुखावलेले असते, स्नायू आवळून बसतात, त्यालाच आपण उसण म्हणतो. ही उसण बहुतेकांची काही दिवसांत ते सहा आठवड्यांत आपोआप हटते. पायाळूच्या लाथेचे गुपित हेच आहे. दुखणे चार दिवसांत उतरणारच असते, श्रेय लाथेला मिळते. पण म्हाताऱ्या माणसाची हाडे ठिसूळ असली तर त्याच लाथेने मणका मोडेल, हे विसरू नये. डागण्या आणि बिब्ब्याने तर कातडीच जळते, आतल्या स्नायूला त्याचा काही उपयोग नाही.

भार किती पडतो

१९९९ मध्ये जर्मनीत एका धडधाकट माणसाच्या कमरेच्या गादीत बारीक दाबमापक बसवून मोजमाप केले गेले. सरळ उभे असताना जो दाब येतो त्याला एक धरले, तर पाठ वाकवून २० किलोचे वजन उचलताना तो साडेचार पटीच्या पुढे गेला. गुडघे वाकवून, वजन अंगाजवळ घेऊन उचलले तेव्हा साडेतीन पटीच्या आसपास आला. आणि तेच वजन उभ्याने छातीशी धरून ठेवले तर जेमतेम दुपटीवर आला. म्हणजे वजन अंगापासून जेवढे लांब, तेवढा कमरेवर भार जास्त. हे मोजमाप एकाच माणसाचे आहे, तरी मुद्दा कळण्यासारखा आहे. आणि हा हिशेब २० किलोचा आहे. मोळी चाळीस-पन्नास किलोची असते आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचे असते.

यावर कोणी म्हणेल, मग लोकांना उचलायची रीत शिकवा म्हणजे झाले. रीत शिकवावीच. पण नुसते शिकवून पाठदुखी टळते, असा भक्कम पुरावा आजवर मिळालेला नाही. खेप चाळीस वेळा करायची असेल तर एकविसाव्या खेपेला कोणालाही रीत आठवत नाही. म्हणून वजन कमी करणे, चाकावर नेणे, मध्ये विसावा देणे हा खरा उपाय आहे. आणि तो मजुराच्या हातात नसतो, कामाची पद्धत ठरवणाऱ्याच्या हातात असतो. ट्रॅक्टरवर दिवसभर हादरे खाणाऱ्या आपल्या पोरांनाही हेच लागू आहे. सीटची स्प्रिंग गेली असेल तर ती बदलायची गोष्ट आहे, सोसायची नाही.

उपचार काय करावा

पहिली गोष्ट, अंथरुण धरू नये. १९८६ साली अमेरिकेत दोन गट करून पाहिले होते. एका गटाला दोन दिवस विश्रांती सांगितली, दुसऱ्याला सात दिवस. बरे होण्यात फरक पडला नाही, मात्र दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस ४५ टक्क्यांनी कमी बुडाले. आपण मात्र चाळीस वर्षांनंतरही माणसाला फळीवर निजवतो. पडून राहिले की स्नायू ढिले पडतात आणि मनात भीती बसते. सोसेल तेवढे हिंडत-फिरत राहावे, जड उचलणे तेवढे काही दिवस टाळावे.

शेक घ्यायला हरकत नाही, बरे वाटते. निर्गुडीच्या पाल्याचा शेक आणि हलक्या हाताने तेल आपल्या आजीही लावत होत्या, त्याने नुकसान नाही. दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून, जेवणानंतर आणि थोडे दिवसच. उन्हात घाम गाळणाऱ्याने पाणी कमी पिऊन रोज या गोळ्या खाल्ल्या तर मूत्रपिंडे खराब होतात आणि पोटात व्रणही पडतो. आणि बाजारच्या दिवशी मिळणाऱ्या हमखास गुणाच्या पुड्या कोणीही घेऊ नयेत. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असण्याचा धोका असतो. आज वाटणारा आराम उद्या हाडे ठिसूळ करून वसूल होतो.

दुखणे तीन महिन्यांच्या वर रेंगाळले तर काय करावे, यावर जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये पहिल्यांदा मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम, रोग्याला दुखण्याची नीट माहिती देणे आणि मनाला आधार देणे यांवर भर आहे. कमरेचे पट्टे आणि वजन लावून ताण देणे यांची सरसकट शिफारस करू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. मनाचा उल्लेख वाचून हसू नये. कर्जाची चिंता, झोपेचा अभाव आणि "आता माझं कसं होणार" ही भीती यांनी दुखणे खरोखर वाढते आणि लांबते. दुखणे खोटे आहे असा याचा अर्थ नाही.

आणि सगळ्यांत स्वस्त औषध म्हणजे चालणे. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ७०१ लोकांवरच्या प्रयोगाचे निकाल छापून आले. पाठदुखीतून उठलेल्या अर्ध्या लोकांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालायला शिकवले. न चालणाऱ्यांचे दुखणे साधारण ११२ दिवसांत उलटले, चालणाऱ्यांचे २०८ दिवसांनी. कोणी म्हणेल, आम्ही रोज शेतात चालतोच की. पण बांधावर वाकून भांगलणे वेगळे आणि सरळ अंगाने, मोकळे हात हलवत, अर्धा तास न थांबता चालणे वेगळे.

कधी मात्र थांबू नये

सगळीच पाठदुखी साधी नसते, म्हणून पुढील खुणा घरातल्या सगळ्यांनी ध्यानात ठेवाव्यात. लघवी अडली किंवा लघवी-संडासचा ताबा सुटला, मांड्यांमधली बसायची जागा बधिर झाली, पायातली ताकद कमी होत चालली, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. तिथे उशीर झाला तर पाय कायमचे जाऊ शकतात. पाठदुखीबरोबर बारीक ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे असेल तर मणक्याचा क्षयरोग असू शकतो. तो औषधांनी बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात औषधे फुकट मिळतात, पण अंगावर काढला तर कुबड येते. गाडीवरून किंवा झाडावरून पडल्यावर पाठ दुखली, कर्करोग झालेल्या माणसाची पाठ दुखू लागली, किंवा रात्री निजल्यावरही दुखणे हटत नसेल, तरीही तपासणी हवीच. अशा वेळी फोटो काढायला एक दिवसही थांबू नये. शस्त्रक्रियेचीही गरज काही जणांना खरोखरच असते. पण दुखणे पायात उतरले तरी बहुतेकांचे ते काही आठवड्यांत, काही महिन्यांत शस्त्रक्रियेविना शमते. म्हणून ऑपरेशन सांगितले तर दुसऱ्या एका डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय दागिने मोडू नयेत.

आयाबहिणींच्या कमरेचे काय

हा लेख लिहिताना सर्वांत जड वाटलेली गोष्ट आता सांगतो. आपला ऊस तोडायला कोयता येतो तो नवरा-बायकोचा असतो. तो तोडतो, ती मोळ्या बांधते आणि वाहते. पहाटे तीनला उठून खोपीवरचा स्वयंपाक तिचाच. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीपुढे जी पाहणी आली तीत ८२,३०९ ऊसतोडणी महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे सहांत एक. ओटीपोट दुखते, कंबर धरते, अंगावर जाते, अशी तक्रार घेऊन गेलेल्या बाईला पिशवी काढून टाकण्याचा सल्ला मिळाला, असे अनेकींनी सांगितले आहे.

मोळी वाहून दुखणाऱ्या कमरेवर गर्भाशय काढणे हा उपचार नव्हे. त्याबरोबर बीजकोश गेले तर पाळी अकाली जाते, हाडे लवकर ठिसूळ होतात आणि कंबर पहिल्यापेक्षा जास्त धरते. तो ऊस आपला होता, आपल्यासारख्यांच्या फडातला होता. कारखाना नोंद मुकादमाची ठेवतो, उचल मुकादमाला देतो आणि मजूर त्याचे असे म्हणून आपण मोकळे होतो. हे मला तरी पटत नाही.

जुने लोक काय म्हणतात

हा विषय काढला की आमचे वडीलधारे म्हणतात, "आम्ही क्विंटलची पोती पाठीवर घेतली, आम्हाला काय धाड भरली?" त्यांच्या ताकदीबद्दल आदर आहे. पण त्याच वडीलधाऱ्यांतले किती जण पन्नाशीत काठी धरून वाकले, ते आठवून पाहावे. आपण त्याला वय झाले म्हटले, एवढेच. साखरेचे पोते १०० किलोवरून ५० वर आले म्हणून कोणाचे कारखाने बुडाले नाहीत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच एका पुरुषाने नेहमी वाहायचे वजन ५५ किलोच्या वर नसावे असे सुचवले होते. आपल्या राज्यात अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना संघटित केले आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने पोत्याच्या वजनाचा प्रश्न लावून धरला. पाठीचा प्रश्न दवाखान्याबाहेरही सुटतो, तो असा.

माझा भाचा मात्र ठेकेदाराच्या टोळीतला. माथाडी मंडळात त्याची नोंद नव्हती. नोंद असती तर मजुरीचा हिशेब, भविष्यनिर्वाह निधी आणि दुखण्याखुपण्याचा आधार मिळाला असता. आपली पोरे जिथे हमालीला असतील तिथे त्यांनी आधी ही चौकशी करावी, असे प्रत्येक घरातून सांगितले गेले पाहिजे.

माझ्या सूचना

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे पुढील गोष्टींचा विचार व्हावा, अशी माझी संचालक मंडळास विनंती आहे.

१. हंगामात मोळीचे वजन ठरवून द्यावे. तोडणीची मजुरी टनावर असते, मोळीवर नसते, तेव्हा लहान मोळीने कोणाचा दर बुडत नाही. खेपा थोड्या वाढतील आणि गाडी भरायला थोडा वेळ लागेल, तो आपण सभासदांनी सोसावा. गाडीत चढण्यासाठी खाचा असलेली, रुंद फळी कारखान्याने द्यावी.

२. आरोग्य शिबिरात पट्टे आणि इंजेक्शने वाटण्याऐवजी व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपीचा जाणकार बोलवावा. ते शिबिर तोडणी मजुरांच्या तळावरही घ्यावे आणि तिथे स्त्री डॉक्टर असावी.

३. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखाने टनामागे १० रुपये देतात. त्यातून आपल्या गटातल्या मजुरांना काय मिळाले, याचा हिशेब या पत्रिकेत छापावा.

४. गोदामात हातगाडे आणि पट्टा-यंत्रे जिथे नाहीत तिथे घ्यावीत, आणि थप्पी किती उंच लावायची याची मर्यादा ठरवावी.

यातल्या पहिल्या सूचनेला विरोध होईल, हे मला ठाऊक आहे. ऊस वाळतो, वजन घटते, गाडी लवकर भरली पाहिजे, हे मीही सभासद म्हणून म्हणत आलो आहे. पण मोळी दहा किलोने कमी केली तर आपल्या टनामागे किती वेळ जास्त लागतो, हे एका गटात एक आठवडा प्रत्यक्ष करून पाहावे आणि मगच बोलावे. माझा दीड एकराचा फड त्यासाठी मी देतो.

भाचा पुन्हा राहनाळला गेला आहे. रोज कामाच्या आधी अर्धा तास चालतो, असे फोनवर सांगतो. मंडळात नाव नोंदवण्यासाठी त्याच्या टोळीतल्या अकरा जणांनी मिळून अर्ज केला आहे. तो मंजूर होईपर्यंत वजन तेच आहे आणि पाठही तीच आहे.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद